मानधन, मजुरी आणि संप : महाराष्ट्रातील रंगभूमी व चित्रपट यांच्या लेखकांच्या हक्कलढ्याचा विचार

महाराष्ट्रातील कामगार-चळवळीचा इतिहास मुख्यतः गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिका यांच्याभोवती लिहिला गेला आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली तेव्हाचा सहा दिवसांचा संप, १९२८ चा दीर्घ संप आणि १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला गिरणी-संप हे या इतिहासाचे ठळक टप्पे होत. करमणुकीच्या धंद्याला शब्द पुरविणारा जो लेखक, तो या इतिहासात सहसा आढळत नाही. वाङ्मयेतिहासात त्याची कृती भेटते, पण त्या कृतीचा मोबदला, तिच्यावरील मालकी आणि तिच्यासाठी झालेले तंटे यांचा विचार तेथेही क्वचितच होतो. दोन्ही इतिहासांच्या सीमेवर राहिलेल्या या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रश्न असा की, अमेरिकेतील पटकथालेखकांनी १९६०, १९८१, १९८८, २००७–०८ आणि २०२३ या साली मोठे संप केले व त्यांतील काहींमुळे तेथील संपूर्ण चित्रव्यवसाय महिनोन्‌महिने खोळंबला. मुंबई ही चित्रपटनिर्मितीत जगातील अग्रगण्य केंद्रांपैकी एक असूनही लेखकांनी एकट्याने पुकारलेला व दीर्घकाळ चाललेला असा संप तेथे घडला नाही. येथील लेखक अधिक सुखी होता, असे कोणीही म्हणणार नाही. मग त्याने संपाचे हत्यार का उचलले नाही, आणि त्याऐवजी कोणती साधने वापरली? या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या व्यावसायिक स्थानात शोधणे अधिक युक्त होय. ते स्थान समजण्यासाठी मोबदल्याकरिता मराठीत रूढ झालेले शब्द फार उपयोगी पडतात.

१. मोबदल्याची परिभाषा

श्रमाच्या मोबदल्याला मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा सामाजिक संबंधांच्या निदर्शक आहेत. ‘मजुरी’ हा फारसीतून आलेला शब्द अंगमेहनतीच्या कामासाठी रूढ झाला. ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आला व नियमित नोकरीशी जोडला गेला. ‘बिदागी’ या शब्दाच्या मुळाशी ‘बिदा’ म्हणजे निरोप ही कल्पना आहे. निरोपाच्या वेळी गवयाला, कीर्तनकाराला वा शास्त्र्याला जे द्यावयाचे ती बिदागी. ती देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असे, घेणाऱ्याच्या हक्कावर नव्हे. ‘मानधन’ हा संस्कृत घटकांनी बनलेला शब्द याच परंपरेतील होय. त्यात ‘मान’ आधी येतो आणि ‘धन’ मागून. मजुरी थकली तर मजूर ती मागू शकतो. मानधन थकले तर ते मागताना मानच कमी होतो की काय, अशी शंका मागणाऱ्याच्याच मनात उभी राहते. लेखकाच्या मोबदल्याला मराठीने जो शब्द बहाल केला, त्यातच त्याच्या दुबळेपणाचे एक कारण दडलेले आहे.

‘संप’ या शब्दाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. मराठीत त्याच शब्दाला एकजुटीने काम थांबविणे असा अर्थ आला. दुकानदारांचा तो ‘हरताळ’, म्हणजे हाटाला ताळा. आणि कामकऱ्यांचा तो संप, असा भेद मराठीने केला. १८९० च्या सुमारास विधवांच्या केशवपनाविरुद्ध झालेला न्हाव्यांचा संप हे या शब्दाच्या सामाजिक वापराचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. एकोपा नसेल तर संप नाही, हे सत्य या शब्दाच्या पोटातच आहे. लेखकांच्या बाबतीत नेमके हेच अवघड ठरले. कारण लेखन हे एकट्याने करावयाचे काम असून एकाच कारखान्याच्या दारात हजार लेखक सकाळी एकत्र येत नाहीत.

२. नाममुद्रा आणि पाठशुद्धी

कायद्याने मालकी निश्चित होण्यापूर्वी मराठी परंपरेत कर्तृत्वाचे रक्षण नाममुद्रेने होत असे. अभंगाच्या वा पदाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो. पैठणच्या एकनाथांनी तर स्वतःच्या नावाबरोबर गुरूचेही नाव गुंफले. शाहिरांनी हीच रीत लावणी-पोवाड्यांत चालविली. होनाजी बाळा, रामजोशी यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत नाममुद्रा हाच कवीचा दस्तऐवज होता. पण हा दस्तऐवज कर्तृत्व सांगतो, मोबदला मिळवून देत नाही. शिवाय गाणाऱ्याला ते नाव गाळता येते किंवा त्या जागी दुसरे घालता येते.

पाठाच्या शुद्धतेविषयीची जाणीव मात्र या प्रदेशात फार जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पूर्ण केली आणि तीत कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. कृतीची अखंडता हे कर्त्याचे देणे आहे, ही ती भूमिका होय. आजच्या कायद्यात कृतीचा विपर्यास होऊ न देण्याचा जो विशेष हक्क लेखकाला आहे, त्याच्याशी या भूमिकेचे नाते जुळते. तथापि दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. एकनाथांची ताकीद धर्मभावनेच्या बळावर चालत होती. बाजारात विकल्या जाणाऱ्या शब्दाला तेवढे बळ पुरत नाही.

पठ्ठे बापूरावांच्या जीवनात हे स्पष्ट दिसते. सातारा भागातील कुळकर्णी घराण्यात १८६६ साली जन्मलेल्या या कवीने जातीचे बंधन तोडून तमाशाचा फड उभारला, अपार लोकप्रियता मिळविली, आणि १९४५ मध्ये पुण्यात विपन्नावस्थेत देह ठेवला. त्यांच्या लावण्या पुढेही फडाफडांतून गायिल्या जात राहिल्या. कृती जिवंत आणि कर्ता उपाशी, हा प्रकार अपवादात्मक नव्हता. वामनदादा कर्डक यांची गीते गावोगावी, जयंतीच्या मिरवणुकीत व गायनपार्ट्यांच्या कार्यक्रमांत अनेकांनी गायिली. कवीने ती चळवळीसाठी दिली होती. तथापि जे शब्द चळवळीला दान म्हणून दिले, त्यांचाच उपयोग धंदा म्हणून होऊ लागला तर त्यातील वाटा कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

३. नाटक मंडळ्या : पुढचे नाटक हेच हत्यार

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा रचणारा, शिकविणारा व मंडळी चालविणारा एकच होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ सादर केले, त्या वेळीही नाटककार हाच मंडळीचा चालक होता. पुढील पिढीत ही एकता मोडली. देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी हे मंडळीसाठी नाटके लिहू लागले, आणि नाटककार व कंपनी हे दोन पक्ष झाले.

या काळात नटांच्या असंतोषाला मराठी नाट्यसृष्टीत एक ठराविक वाट होती. तिला ‘कंपनी फुटणे’ म्हणत. १९०८ मध्ये केशवराव भोसले यांनी स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून ललितकलादर्श काढली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. मालक आणि कलावंत यांच्यातील तंटा येथे संपाने सुटत नसून नव्या संस्थेच्या जन्माने सुटतो.

नाटककाराची शक्तीही याच रचनेतून आली. ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर मंडळीने केले. पण त्याच खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १९१६ साली गंधर्व मंडळीच्या रंगभूमीवर आले. उमेदवारीच्या काळात किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकविण्याची नोकरी करणाऱ्या गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ बळवंत मंडळीने सादर केले. जुनी नाटके मंडळीच्या तालमीत बसलेली असत, परंतु पुढचे नाटक कोणाला द्यावयाचे हे नाटककाराच्या हाती असे. नामांकित नाटककाराचे नवे नाटक ही कंपनीच्या हंगामाची शाश्वती होती. ते नाटक दुसरीकडे नेण्याची शक्यता हेच त्याचे मौन हत्यार होते.

छापील नाटकाच्या आरंभी येणारी सूचना या स्थानाची साक्ष देते. प्रयोगाचे, भाषांतराचे व रूपांतराचे हक्क लेखकाच्या ‘स्वाधीन’ असून पूर्वपरवानगीवाचून प्रयोग करू नये, अशा आशयाचा मजकूर मराठी नाटकांवर रूढ झाला व आजही छापला जातो. ‘स्वाधीन’ म्हणजे स्वतःच्या अधीन. मराठी नाटककार स्वतःला मजूर समजत नव्हता, मालक समजत होता. आणि कायद्याच्या दृष्टीने तो बव्हंशी तसा होताही. मात्र मालकाला संप करता येत नाही. तो परवानगी नाकारू शकतो, आणि परवानगी नाकारणे हे लोकप्रिय नाटककारालाच परवडते. लहान गावी परवानगीवाचून प्रयोग झाला तर नाटककाराला त्याचा पत्ताही लागत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसल्याने, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याच्या बाबतीत तर हा हक्क आणखीच दूरचा होता.

४. मुन्शी आणि पटकथाकार

चित्रपटातील लेखकाचा वंश निराळा आहे. पारशी नाटक कंपन्यांत लेखकाला ‘मुन्शी’ म्हणत. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘रचना करणारा’ असा प्रतिष्ठित असला तरी व्यवहारात तो कारकुनापर्यंत उतरला होता. मुन्शी पगारावर असे आणि त्याने लिहिलेले नाटक कंपनीची मालमत्ता समजले जाई. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट निघाला. त्याची कथा जोसेफ डेव्हिड या पारशी रंगभूमीवरील लेखकाच्या नाटकावरून घेतलेली होती. नटांबरोबर मुन्शीचे स्थानही रंगभूमीवरून जसेच्या तसे चित्रपटात आले. सादत हसन मंटो यांनी इंपीरियल फिल्म कंपनीत मुन्शी म्हणून काम केले. उर्दू कथेतील एवढा समर्थ लेखक स्टुडिओच्या हजेरीपटावर मुन्शीच होता.

बोलपटाने आणखी एक विभागणी केली. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामे मानली गेली व ती पुष्कळदा तीन वेगळ्या व्यक्तींकडे गेली. यामागे भाषिक कारण आहे. निर्माता व दिग्दर्शक गुजराती, मराठी वा बंगाली. प्रेक्षक हिंदुस्थानी बोलणारे. तेव्हा संवादासाठी उर्दूचा जाणकार निराळा नेमावा लागे. गीतकार हा चौथा. एका कृतीचे कर्तृत्व असे चार ठिकाणी वाटले गेल्यावर ‘ही कृती माझी’ असे ठामपणे म्हणणारा कोणीच उरत नाही. निर्मात्याला एक लेखक नाराज झाला तर त्याचा तेवढा तुकडा दुसऱ्याकडून लिहून घेता येतो. मुंबईतील बहुभाषिकता ही चित्रपटाची समृद्धी ठरली, पण लेखकाच्या एकजुटीला तीच मारक झाली.

मराठी लेखकांनी यावर व्यक्तिगत उपाय शोधले. वि. स. खांडेकर यांनी १९३६ मध्ये हंस पिक्चर्ससाठी ‘छाया’ची कथा लिहिली, परंतु त्यांचे मुख्य पीठ कादंबरी हेच राहिले. आचार्य अत्रे यांनी हंसच्या चित्रपटांना कथा-संवाद दिले आणि पुढे ते स्वतःच निर्माते झाले; १९५३ चा ‘श्यामची आई’ हा त्यांच्या निर्मितीचा कळस होय. ग. दि. माडगूळकरांनी कथा, पटकथा, संवाद व गीते ही सर्व कामे एकाच लेखणीने करून विभागणीवर मात केली. परंतु निर्माता होणे किंवा चार जणांचे काम एकट्याने करणे हे असामान्यांचे मार्ग होत. त्यांनी सामान्य लेखकाचा प्रश्न सुटत नाही.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. ‘फकिरा’ला राज्यशासनाचा पुरस्कार मिळाला. ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३) आणि त्यानंतरचे अनेक चित्रपट त्यांच्या कादंबऱ्यांवर निघाले. लाल बावटा कलापथकातून त्यांनी मुंबईच्या कामगारांना संपाची भाषा दिली. असा हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत आयुष्याचा बराच काळ काढून १९६९ मध्ये हलाखीत वारला. दुसऱ्यांच्या संपासाठी ज्याने शब्द दिले, त्याला स्वतःच्या शब्दांसाठी संप करण्याची सोय नव्हती.

५. संघटना, कायदा आणि एक उणीव

चित्रपटलेखकांची संघटना १९५० नंतरच्या दशकात मुंबईत आकारास आली. तिच्या उभारणीत ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारखे लेखक होते. १९६० मध्ये ‘फिल्म रायटर्स असोसिएशन’ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदली गेली. पुढे तिला ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ हे नाव मिळाले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट-कर्मचाऱ्यांच्या महासंघाशी ती संलग्न झाली. तिच्या नित्याच्या कामाचे स्वरूप मात्र लक्षणीय आहे. लेखकाने आपली कथा तिच्याकडे नोंदवावी, म्हणजे पुढे चोरी झाल्यास तारखेचा पुरावा राहतो. आणि तंटा उद्भवल्यास संघटनेच्या समितीपुढे दाद मागावी. कामगार-संघटनेच्या नावाखाली येथे मुख्यतः मालमत्तेच्या नोंदणीचे व लवादाचे काम चालले. एकनाथी पाठशुद्धी व शाहिरी नाममुद्रा यांचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

असे का झाले, याचे उत्तर त्या काळच्या दोन कायद्यांच्या तुलनेतून मिळते. १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी स्वतंत्र कायदा झाला व औद्योगिक विवाद कायद्याच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या. लेखणीने काम करणारा वर्तमानपत्राचा बातमीदार त्यामुळे कामगाराच्या पदवीला पोचला. त्याला वेतनमंडळ मिळाले. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, नवा कॉपीराइट कायदा संमत झाला व जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने असे ठरविले की, मोबदला देऊन चित्रपट करवून घेणारा, तसेच नोकरीच्या ओघात लिहवून घेणारा मालक, हा उलट करार नसल्यास प्रथम स्वामी समजावा. पत्रकार कामगार झाला. नाटककार मालक राहिला. चित्रपटाच्या लेखकाला मात्र कामगाराचे संरक्षण मिळाले नाही आणि मालकाचा हक्कही व्यवहारात हातून गेला. या उणिवेतच पुढील अर्धशतकाचा सारा इतिहास सामावलेला आहे.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट गीतकार-संगीतकारांच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत मांडली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने चित्रपटगृहांकडून संगीताच्या वापराबद्दल शुल्क मागितले होते. पूर्व भारतातील चित्रपट-निर्मात्यांच्या संघाने त्याला विरोध केला. न्यायालयाचा निष्कर्ष असा होता की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा संगीत करवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास त्याचा प्रथम स्वामी निर्माताच होय. न्या. कृष्ण अय्यर यांनी आपल्या पुरवणीत गायकाला कायद्याने काहीच दिलेले नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेने कलावंतांच्या बाजूने पुरेसे पाऊल टाकण्यास पस्तीस वर्षे गेली.

१९८१ चा चित्रपट-कर्मचारी कायदा कलात्मक काम करणाऱ्यांनाही लागू होता व त्याने लेखी करार बंधनकारक केला. पण ठराविक रकमेच्या आतील मोबदल्यापुरतीच त्याची व्याप्ती होती. हा कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत समाविष्ट झाला. तोंडी बोलीवर चालणाऱ्या धंद्यात लेखी कराराचा आग्रह धरणारा लेखक ‘अडचणीचा’ ठरत असे, आणि त्याच्या जागी दुसरा मिळत असे. म्हणून या काळातील लढे पैशाआधी नावासाठी झाले. आकाशवाणीवर गीतकाराचे नाव सांगितले जावे यासाठी साहिर लुधियानवी यांनी धरलेला आग्रह प्रसिद्ध आहे. ‘जंजीर’ (१९७३) च्या जाहिरातफलकांवर सलीम–जावेद यांनी माणसे लावून आपली नावे रंगवून घेतली, ही हकिगतही सर्वश्रुत आहे. नाममुद्रेची शाहिरी परंपरा येथे रंगाच्या डब्यासह अवतरली, इतकेच. नावामागून किंमत येते हे त्यांनी ओळखले होते. आणि त्यांच्या बाबतीत ती आलीही.

६. अमेरिकेतील संप : तुलनेपुरता विचार

लेखकांच्या सामुदायिक लढ्याचा आरंभ युरोपात झाला. १७७७ मध्ये बोमार्शे याने पॅरिसमध्ये नाटककारांना एकत्र करून कोमेदी-फ्रांसेझ या नाट्यसंस्थेच्या हिशेबांना आव्हान दिले. त्यातून १७९१ चा फ्रेंच कायदा आला व नाटककाराच्या परवानगीवाचून प्रयोग करणे अवैध ठरले. हा मालकीचा मार्ग होता. आणि मराठी नाटकावरील ‘स्वाधीन’ या सूचनेचे दूरचे मूळ त्यातच आहे.

हॉलीवूडचा मार्ग याच्या उलट आहे. तेथील पटकथालेखक आपल्या लेखनाची मालकी स्टुडिओला देऊन टाकतो. कायद्याने स्टुडिओच कर्ता समजला जातो. मात्र त्या मोबदल्यात लेखक कायदेशीर अर्थाने नोकर ठरतो, आणि नोकर ठरल्यामुळेच १९३५ च्या श्रमसंबंध कायद्याखाली त्याला सामुदायिक वाटाघाटीचा व संपाचा हक्क मिळतो. न्यू यॉर्कचा नाटककार कृतीचा मालक आहे, म्हणून त्याच्या संघाला तसे कामगार-संघटनेचे स्थान नाही. १९६० च्या संपात, जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, पटकथालेखकांनी चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविल्यास मोबदल्याचा पुढील वाटा मिळविला. १९८८ चा संप पाच महिने चालला. २००७–०८ चा शंभर दिवसांचा संप इंटरनेटवरील प्रसारणासाठी होता. २०२३ चा संप २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत, १४८ दिवस टिकला; त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुराला लेखकाचे स्थान देऊ नये हे तत्त्व करारात आले.

मालकी गेली पण मजुराचा हक्क राहिला, ही हॉलीवूडची स्थिती. मालकी राहिली पण मजुराचा हक्क नाही, ही नाटककाराची. मुंबईच्या पटकथालेखकाजवळ दोहोंपैकी काहीच निर्विवाद नव्हते. अमेरिकेत १९६० चा संप चालू असतानाच मुंबईत लेखकांची संघटना नोंदली गेली, हा योगायोग होय. परंतु एका ठिकाणी करार होता म्हणून तो मोडून काम थांबविता आले. दुसऱ्या ठिकाणी बहुधा करारच नव्हता. थांबविण्यासाठी आधी काहीतरी बांधलेले असावे लागते.

७. २००८ आणि २०१२

१ ऑक्टोबर २००८ रोजी चित्रपट-कर्मचाऱ्यांच्या महासंघाने थकलेले वेतन व कामाचे तास यांसाठी काम बंद केले. तो संप अल्पकाळात मिटला. लेखक त्यात महासंघाचे घटक म्हणून होते. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये दूरचित्रवाणीचे निर्माते व कर्मचारी यांच्यातील वेतनाच्या तंट्याने मालिकांचे चित्रीकरण थांबले आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. दैनंदिन मालिकेने धंद्याचे गणित बदलले होते, हे त्या वेळी दिसून आले. चित्रपट सहा महिने थांबू शकतो. रोज रात्री प्रसारित होणारी मालिका आठवडाभरही थांबू शकत नाही. रोजचा भाग रोज लिहिणाऱ्या लेखकाच्या हाती प्रथमच अशी लेखणी आली की, जी खाली ठेवल्यास परिणाम तत्काळ दिसावा.

तथापि निर्णायक पाऊल पडले ते संसदेत. २०१० मध्ये जावेद अख्तर राज्यसभेवर नामनियुक्त झाले व त्याच वर्षी कॉपीराइट दुरुस्ती विधेयक मांडले गेले. निर्मात्यांच्या तीव्र विरोधानंतर मे २०१२ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत होऊन २१ जून २०१२ पासून अमलात आले. चित्रपटात वापरलेल्या साहित्य वा संगीतकृतीच्या कर्त्याला, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर वापरांतून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा मिळेल, आणि हा वाटा त्याला वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणाला देऊन टाकता येणार नाही, असे त्याने ठरविले. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. दुबळ्या पक्षाकडून हक्क सोडून दिल्याचे लिहून घेतले जाते, हे कायद्याने येथे मान्य केले व तशा लेखाला अर्थच ठेवला नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अंतरिम आदेशात रेडिओवाहिन्यांनीही गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधन दिले पाहिजे, असे म्हटले.

भाषेच्या दृष्टीने हा बदल ‘मानधन’कडून ‘स्वामित्वधन’कडे झालेला आहे. गीतकारांना त्याचा लाभ त्यांच्या संस्थेमार्फत मिळू लागला. पटकथाकार व संवादलेखक यांच्या बाबतीत हक्क कायद्यात असला तरी वसुलीची यंत्रणा तेवढी सुदृढ झालेली नाही. किमान अटींचा सर्वमान्य करार हे त्यांच्या संघटनेचे जुने उद्दिष्ट आहे.

८. मराठवाड्याचा संदर्भ

हा प्रश्न मुंबईचा आहे, मराठवाड्याचा नाही, असे समजणे चुकीचे होईल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील नाट्यपरंपरा मुख्यतः हौशी व चळवळीची आहे. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक मोबदल्यासाठी लिहिलेले नव्हते. ते समाजजागृतीसाठी होते. राज्य नाट्यस्पर्धा, महाविद्यालयीन एकांकिका आणि विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग यांतून येथे लेखक घडले. प्रशांत दळवी व चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘जिगीषा’च्या मार्गाने मुंबई गाठली, आणि ‘चारचौघी’ने १९९१ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर येथील लेखणीची ओळख पटविली.

हौशी रंगभूमीचा संस्कार असा की, लेखन हे द्यावयाचे असते, विकावयाचे नसते. हा संस्कार थोर आहे. परंतु तोच घेऊन तरुण लेखक मालिकांच्या बाजारात उतरतो, तेव्हा पहिल्या कामाचा मोबदला विचारण्यासही तो संकोचतो, आणि पुढे ठेवलेला कागद न वाचता सही करतो. कायदा त्याचा वाटा त्याला सोडू देत नाही, हे त्याला ठाऊकच नसते. मालिका, नाटक व चित्रपट यांच्या मराठी लेखकांनी अलीकडे जी संघटना उभारली, तिचे ‘मानाचि’ हे नाव या तीन शब्दांच्या आद्याक्षरांनी बनले आहे. ‘मानधन’मधील ‘मान’ त्यात पुन्हा येतो. पण या वेळी तो देणाऱ्याच्या मर्जीवर नसून घेणाऱ्यांच्या एकजुटीवर आहे.

९. उपसंहार

महाराष्ट्रातील करमणूक-लेखकाने संप केला नाही, याचा अर्थ त्याने लढा दिला नाही असा होत नाही. शाहिराने नाममुद्रेने, नाटककाराने पुढचे नाटक हाती राखून, चित्रपटलेखकाने आपले नाव फलकावर रंगवून व कथेची नोंद करून, आणि गीतकाराने संसदेच्या द्वारे तो दिला. यांतील बहुतेक मार्ग यशस्वी व नामांकित लेखकालाच खुले होते. २०१२ च्या दुरुस्तीचे महत्त्व असे की, नाव नसलेल्या लेखकालाही तिने, निदान कागदावर, तोच हक्क दिला.

संप हा शब्द मुळात एकोप्याचा वाचक आहे, हे आरंभी पाहिले. लेखकांना काम थांबविण्याची पाळी येवो वा न येवो, त्या मूळ अर्थाने ‘संप’ त्यांना आवश्यक आहे. जे लेखन यंत्राकडून करवून घेणे शक्य झाले आहे, त्याच्या काळात एकट्या लेखकाची सौदाशक्ती आणखी घटणार, हे उघड आहे. तेव्हा मराठी नाट्य-चित्रपटवाङ्मयाच्या अभ्यासकाने संहितेबरोबर ती लिहिणाऱ्याचा करारही अभ्यासाचा विषय मानला पाहिजे. कोणत्या अटींवर एखादे वाक्य लिहिले गेले, यावर पुष्कळदा ते वाक्य कसे लिहिले गेले हेही अवलंबून असते.